केमोचा डोस बुडवू नका, मशरूमला थोडं थांबवा

पत्र

ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला. घरी केळी आणि कपाशी. माझी माय ५६ वर्षांची आहे. फेब्रुवारीत तिच्या गुदाशयातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली. पोटावर उजव्या बाजूला पिशवी लावली आहे, ती काही महिन्यांनी काढणार म्हणतात. केमोचे आठ डोस सांगितले, तीन झाले. तिसऱ्यानंतर माय फार गळाली. गार पाण्याला हात लावला की मुंग्या येतात, जेवण जात नाही. "माले आते सुई नको," एवढंच म्हणते.

नात्यातल्या एकांनी पाच प्रकारच्या मशरूमची पावडर आणून दिली आहे. महिन्याचा डबा ४,८०० रुपयांचा. ते म्हणतात, केमो तीन महिने थांबवा, मशरूमच्या फायबरने कॅन्सरच्या पेशी मरतात, जपानमध्ये डॉक्टरच देतात. मी मोबाइलवर पाहिलं तर तसं संशोधन खरंच दिसतं. पावडर द्यावी का? नसेल द्यायची तर रोज मशरूमची भाजी चालेल का? माझ्या चुलतभावाने धिंगरी मशरूम लावायचं प्रशिक्षण घेतलं आहे. मायसाठी घरामागच्या शेडमध्येच लावू म्हणतो. पुढचा डोस बारा दिवसांवर आहे.

एका मायचा मुलगा

उत्तर

भाऊ, बारा दिवसच हातात आहेत म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागाहून. चौथ्या डोसाच्या तारखेला मायला घेऊन दवाखान्यात जायचंच. डोस त्या दिवशी द्यायचा, कमी करायचा की आठवडाभर पुढे ढकलायचा हे तिथले डॉक्टर तिला तपासून ठरवतील, घरी बसून कोणी ठरवायचं नाही. पावडर देऊ नका. मशरूमची भाजी पोटावर पिशवी आहे तोवर नको. शेड मात्र खुशाल उभारा, फक्त घरामागे नको आणि या महिन्यात नको.

आता कारणं. तुम्ही मोबाइलवर वाचलंत ते खोटं नाही, आणि मी ते उडवून लावणार नाही. मशरूमच्या फायबरवर जगभर गंभीरपणे काम चाललं आहे. अडचण इतकीच, की ते काम ज्या माणसांबद्दल आहे त्यांत आज तुमची माय बसत नाही. हे समजलं तर नात्यातल्या माणसाशी भांडायचीही वेळ येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फायबर म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो तो. तो ज्वारीत, डाळीत, भाजीत असतो आणि तिथे तो सेल्युलोज आणि त्याच्यासारख्या पदार्थांचा असतो. मशरूम ही बुरशी आहे, झाड नाही. तिच्या पेशीची भिंत मुख्यतः कायटिन आणि बीटा-ग्लुकन या दोन पदार्थांनी बनलेली असते. कायटिन म्हणजे तेच, ज्याने तापीतल्या खेकड्याचं कवच बनतं. आपल्या पोटातले पाचक रस त्याच्यापुढे जवळजवळ हतबल असतात. बीटा-ग्लुकनही आपल्याला पचत नाही. संशोधकांना रस आहे तो नेमका या न पचण्यातच.

न पचलेलं फायबर मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते आंबवतात. आपण इडलीचं पीठ रात्रभर ठेवतो तसंच काहीसं. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचं मुख्य अन्न. निरोगी पेशी ते जाळून ऊर्जा मिळवतात. कॅन्सरची पेशी बहुतेक साखरेवर जगते, ब्युटिरेट तिच्यात साचत जातं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तरी तिची वाढ रोखतं. ही एक वाट. दुसरी वाट प्रतिकारशक्तीची. शरीरातल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचं एक ग्रहणस्थान असतं, ते बीटा-ग्लुकन ओळखतं. बुरशी म्हणजे बाहेरचा शत्रू, एवढं शरीराला लाखो वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून तिच्या भिंतीचा तुकडा दिसला की या पेशी जाग्या होतात. त्या जागेपणाचा कॅन्सरविरुद्ध उपयोग करून घेता येईल का, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न.

जपानची गोष्टही खरी आहे, पण तुमच्या पाहुण्यांनी ती अर्धीच सांगितली. १९६९ साली गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके मशरूममधल्या अशाच एका पदार्थाचा उंदरांमधल्या गाठींवर परिणाम होतो असं दाखवलं. त्याला लेंटिनान म्हणतात. पुढे ते जपानमध्ये जठराच्या कॅन्सरसाठी वापरलं गेलं, ते शिरेतून द्यायचं इंजेक्शन म्हणून, केमोच्या सोबत. दुसरं क्रेस्टिन, ट्रॅमिटीस नावाच्या, लाकडावर उगवणाऱ्या बुरशीपासून काढलेलं. त्याला तिथे १९७७ मध्ये मान्यता मिळाली. ते तोंडाने घ्यायचं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही ऑपरेशननंतर दिलं गेलं, तेही केमोच्या सोबत. ही दोन्ही शुद्ध करून, मोजून दिलेली औषधं होती. "केमो थांबवा आणि हे घ्या" असं जपानच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. 'सोबत' आणि 'ऐवजी' या दोन शब्दांत जो फरक आहे, तोच तुमच्या मायच्या जिवाचा प्रश्न आहे.

मशरूम खाणाऱ्या माणसांचं काय होतं, यावरही अभ्यास झाले आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीचे १७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत १९,५०० हून जास्त कॅन्सर रुग्णांची माहिती होती. रोज साधारण १८ ग्रॅम मशरूम खाणाऱ्यांमध्ये कॅन्सरचा धोका ४५ टक्के कमी दिसला, सगळ्यात ठळकपणे स्तनाच्या कॅन्सरचा. मोबाइलवर फिरतो तो बहुधा हाच आकडा. पण त्यातले बरेच अभ्यास आजार झालेल्यांना "तुम्ही आधी काय खात होता" असं विचारून केलेले होते, आणि जो माणूस मशरूम खातो तो बहुधा इतर भाज्याही जास्त खातो, तंबाखूपासूनही दूर असतो. मग श्रेय नेमकं कशाला द्यायचं? त्याच सुमाराला, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्याच हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक लाख दहा हजारांहून जास्त परिचारिका आणि आरोग्य क्षेत्रातल्या पुरुषांचा अनेक वर्षांचा माग तपासला. त्यांत मशरूम खाण्याचा आणि एकूण कॅन्सरचा काही संबंध आढळला नाही. जपानमध्ये ३६,००० हून जास्त पुरुषांमध्ये मात्र आठवड्यातून तीनदा किंवा जास्त मशरूम खाणाऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के कमी झालेला दिसला. म्हणजे आशा आहे, पण चित्र अजून धूसर आहे.

आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रश्न होता तो कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं हा. झालेली गाठ किंवा गाठ काढल्यावर कुठे लपून राहिलेल्या पेशी भाजीने मराव्यात, असं त्यांपैकी कुणीही दाखवलेलं नाही. मायची गाठ काढली आहे, मग केमो कशाला, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्याचं उत्तर हेच: डोळ्यांना आणि स्कॅनलाही न दिसणाऱ्या पेशी मागे राहिल्या असू शकतात, त्यांच्यासाठी ते आठ डोस आहेत.

तीन महिने थांबलं तर काय बिघडतं? येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या अशा २८१ रुग्णांची माहिती तपासली, ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपाय घेतले. उपचार घेतलेल्यांच्या मानाने त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अडीच पट होतं. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ते साडेचार पट निघालं. हा आकडा लिहिताना माझा हात जड होतो, पण तुमच्यापासून तो लपवणं मला बरोबर वाटत नाही.

आता पिशवीकडे येते. सगळं पत्र वाचताना माझं लक्ष तिथेच अडकलं होतं. पिशवी उजव्या बाजूला आहे, थोड्या महिन्यांसाठी आहे, ऑपरेशन गुदाशयाचं होतं, म्हणजे ती बहुतेक लहान आतड्याची पिशवी आहे. डॉक्टर तिला इलिओस्टॉमी म्हणतात. खाली जिथे आतडं जोडलं तो टाका भरून यावा म्हणून वरच्या वर वाट वळवलेली असते. (दवाखान्यात एकदा नक्की विचारून घ्या. डाव्या बाजूची, मोठ्या आतड्याची पिशवी असेल तर पथ्य थोडं वेगळं असतं.)

याचा अर्थ लक्षात घ्या. मायचं अन्न सध्या मोठ्या आतड्यात पोचतच नाही. मी वर लिहिलं ते आंबवणं, ते ब्युटिरेट, सगळं मोठ्या आतड्यात घडतं. फायबर तिथे जाण्याआधीच पिशवीत येतं. ज्या फायदेशीर गोष्टीसाठी तुम्ही ४,८०० रुपये मोजणार, ती व्हायला लागणारी जागाच सध्या बंद आहे.

फायदा नाही, आणि धोका मात्र आहे. पोटावर बाहेर काढलेलं आतडं सुरुवातीला सुजलेलं आणि अरुंद असतं. न पचणारे चिवट तुकडे तिथे एकमेकांत गुंतून बूच बसल्यासारखे अडकतात. पिशवी लावलेल्या रुग्णांना जपून खायच्या पदार्थांची जी यादी देतात, तीत मक्याचे दाणे, खोबरं, शेंगदाणे, हरभऱ्याची सालं यांच्याबरोबर मशरूम ठळकपणे असतं. कारण तेच कायटिन. माझ्या मावशीला अशीच पिशवी होती. अमळनेरला पावसाळ्यात तिने भाजलेलं मक्याचं एक कणीस खाल्लं, अर्धंच. रात्री पिशवी कोरडी पडली, पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि पहाटे उलट्या सुरू झाल्या. वेळेवर नेलं म्हणून ती वाचली, पण ती रात्र आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून तुम्हालाही सांगते: पिशवीत चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात कळा येत असतील, पोट फुगलं किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका, थेट दवाखाना. आणि अशा वेळी जुलाबाचं औषध, एरंडेल वगैरे अजिबात नको.

उलटंही होतं. पिशवी पाण्यासारखी भरत राहिली तर शरीरातलं मीठ-पाणी झपाट्याने जातं. आपल्याकडच्या उन्हात तर एका दिवसात माणूस आडवा होतो. नुसतं साधं पाणी पाजून ते भरून निघत नाही, ओआरएसची पुडी घरात असूच द्या, आणि मीठ घातलेलं ताक. माय गळाली आहे असं तुम्ही लिहिलंत, त्यातला काही भाग केमोचा नसून या पाण्याचा असू शकतो. दिवसातून पिशवी किती वेळा रिकामी करावी लागते, लघवी कमी आणि पिवळी होते का, हे वहीत लिहा. डॉक्टरांना या नोंदीचा फार उपयोग होतो.

मग मायने खायचं काय? सध्या चोथा कमी आणि ताकद जास्त असं जेवण. मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, अंडं, दही, साल काढून शिजवलेला दुधी, बटाटा, रव्याचा सांजा. आणि तुमच्या शेतातलं पिकलेलं केळं. त्याने पिशवीतलं पातळ थोडं घट्ट होतं आणि गेलेलं पोटॅशियमही भरून येतं. जळगाव जिल्ह्यातल्या घरात याहून हाताशी दुसरं काय असणार! तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी करा, प्रत्येक घास अगदी पीठ होईपर्यंत चावायला सांगा. तोंड आलं असेल तर तिखट बंद. खानदेशी माणसाला ठेच्यावाचून जेवण जेवणच वाटत नाही हे मला माहीत आहे, पण ते थोडे महिने.

पावडरीबद्दल दोन गोष्टी. डब्यावर खाद्य परवान्याचा क्रमांक असतो तो फक्त "हे अन्न आहे" एवढंच सांगतो, "हे औषध आहे" असं सांगत नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं आपल्या देशात १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय कायद्याने गुन्हा आहे. तरी ती तोंडोतोंडी होते, कारण तोंडाची पावती नसते. शिवाय अशा पुष्कळ पावडरी धान्यावर वाढवलेल्या बुरशीच्या जाळ्यापासून करतात, आणि धान्यासकट दळल्या की डब्यात बराचसा स्टार्चच जातो. पाच प्रकारांत बहुधा रेशी नावाचं मशरूम असणार. रेशीची पावडर घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर तिने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. केमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. उद्या रक्ताच्या तपासणीत यकृत बिघडलेलं निघालं तर ते केमोने की पावडरीने हे डॉक्टरांना कळणार नाही, आणि खरी गरज असलेला डोस लांबेल. दोन-चार चमचे आधीच दिले असतील तर ते लपवू नका. डबाच बरोबर न्या आणि टेबलावर ठेवा.

आणि ते ४,८०० रुपये? महिन्याची अंडी, दूध, डाळ आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांत ते कितीतरी कामी येतील. उपचाराच्या खर्चाचं ओझं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. तुमचं आधीच झालं असेल तर हे सोडून द्या.

आता तुमच्याबद्दल, भाऊ. तुम्ही विचारलं नाहीत, पण फायबरचं ते सगळं संशोधन ज्याच्या कामाचं आहे तो माणूस तुम्ही आहात. आईला ५६ व्या वर्षी हा आजार झाला म्हणजे तुमचा आणि तुमच्या सख्ख्या भावंडांचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तुम्ही सगळ्यांनी चाळिशी गाठताच मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घ्यायला हवी. त्याआधी शौचातून रक्त पडलं किंवा सवय बदलली तर वयाची वाट पाहायची नाही. मूळव्याध असेल म्हणून महिनोन्महिने मलम लावत बसलेली किती माणसं मी पाहिली आहेत. मायच्या डॉक्टरांना हेही विचारा, की तिच्या गाठीची तपासणी आनुवंशिक प्रकारासाठी झाली होती का.

खाण्याचं म्हणाल तर युरोपातल्या दहा देशांत पाच लाखांवर माणसांचा अभ्यास झाला. २००३ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षात जास्त फायबर खाणाऱ्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झालेला दिसला. त्याआधी २००० साली आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दोन हजार माणसांपैकी निम्म्यांना चार वर्षं जास्त फायबर, कमी चरबीचं जेवण घ्यायला लावलं, तर त्यांच्या आतड्यातल्या कोंबासारख्या गाठी पुन्हा यायच्या थांबल्या नव्हत्या. म्हणजे चार वर्षांच्या पथ्याने होणारी ही गोष्ट नसावी, आयुष्यभराच्या ताटाची असावी, असं मला वाटतं. त्या ताटात मशरूमचा वाटा छोटाच आहे. ताज्या मशरूममध्ये नव्वद टक्के पाणी असतं. शंभर ग्रॅम धिंगरीत जेमतेम दोन-अडीच ग्रॅम फायबर मिळतं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात दहा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते. आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेले असतात. दोन भाकरी, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ आणि वर कच्चा कांदा असं जेवलात तर निम्म्याहून जास्त हिशोब एका वेळेला होतो. घरोघरी भाकरी जाऊन मैद्याची पोळी, बिस्किटं आणि शेव आली आहे, ती बघून मला खरोखर वाईट वाटतं. फायबर विकत आणायला आपण डबे शोधतोय आणि घरातली ज्वारी गुरांना जातेय.

चुलतभावाच्या शेडबद्दल मी मनापासून हो म्हणते. गव्हाचं काड, केळीची वाळलेली पानं, कपाशीच्या पऱ्हाटीचे तुकडे, यांतलं काहीही भिजवून, वाफवून घेतलं की त्यावर धिंगरी येते, आणि आपल्याकडे हे सगळं बांधावर जळत असतं. पण धिंगरीला २० ते ३० अंशांचा गारवा आणि भरपूर ओल लागते. या दिवसांत चोपड्याचा पारा चाळिशीच्या पुढे, पिशव्या नुसत्या वाळून जातील. पावसाळा बसू द्या, किंवा सरळ दिवाळीनंतर लावा. जागा मात्र घरापासून लांब, मळ्यात. पिकलेल्या धिंगरीतून बारीक पांढऱ्या बीजाणूंची धूळ उडते, बंद शेडमध्ये रोज काम करणाऱ्यांना त्याने खोकला आणि दम लागतो. केमोने मायच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना तिने त्या शेडमध्ये किंवा काडाच्या बुरशीजवळ जायचंच नाही. चुलतभावालाही तोंडाला मास्क बांधून काम करायला सांगा, आणि छत्र्या पूर्ण उघडून कडा वर वळायच्या आत काढायला सांगा, म्हणजे धूळही कमी आणि माल कोवळा.

पाऊस पडला की सातपुड्याच्या बाजूने रानातली छत्री, म्हणजे रानमशरूम, विकायला येते. पावरा-भिल्ल बांधवांमधल्या जुन्या माणसांना वारुळावरची कुठली खायची हे पिढ्यांचं ज्ञान आहे, त्याबद्दल मला आदर आहे. पण ते ज्ञान तुमच्या-माझ्याकडे नाही. लसूण काळा पडला तर विषारी, चांदी काळी पडली तर विषारी, हे ठोकताळे चुकीचे आहेत. सगळ्यात घातक छत्रीचं विष शिजवल्याने किंवा वाळवल्याने जात नाही. त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो, मग मध्ये बरं वाटतं आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. मायसाठीच नव्हे, घरात कुणासाठीच अनोळखी रानछत्री आणू नका.

माय मशरूम कधी खाऊ शकेल? आठ डोस संपू द्या, पिशवी बंद होऊ द्या, त्यानंतर आतडं रुळावर यायलाही काही आठवडे जातात. तेव्हा सर्जनना विचारून, चार-पाच तुकडे बारीक चिरून, चांगले शिजवून, खिचडीत. कच्चं किंवा अर्धकच्चं नाही. हिशोब केलात तर साधारण हिवाळ्यातच तुमची धिंगरी निघेल आणि मायची वेळही तेव्हाच येईल.

राहिलं ते तिचं "सुई नको". तिला एकटीला घेऊन बसा, पाहुणे गेल्यावर, आणि नेमकं काय नको ते विचारा. गार पाण्याच्या मुंग्या हा या केमोमधल्या एका औषधाचा ओळखीचा त्रास आहे. डॉक्टरांना तो नीट सांगितला तर ते त्या औषधाचा डोस कमी करू शकतात, काही वेळा ते एक औषध थांबवून बाकीचं चालू ठेवतात. मळमळीच्या गोळ्या बदलता येतात. बायका हे सांगत नाहीत. आपल्यामुळे पोराचं काम बुडतंय, पिशवीचा वास येतो, सुनेला ते करावं लागतं, याची लाज त्यांना सुईपेक्षा जास्त टोचते. तसं असेल तर पिशवी बदलायला तुम्हीही शिका, भाऊ. दवाखान्यात नर्स दाखवतात, दोनदा केलं की जमतं.

डोसाच्या दिवशी निघताना हातमोजे आणि थर्मासमध्ये कोमट पाणी घ्या. फ्रिजमधलं काही आठवडाभर तिच्या हाताला लागू देऊ नका, आंघोळ आणि भांडी दोन्हीला कोमटच पाणी. डोस झाला की कसं गेलं ते मला कळवा.